सांध्याचे वय

वाराणसीहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता विंध्याच्या पठारावर चढून रॉबर्ट्सगंजला पोहोचतो, चोपनजवळ शोण नदी ओलांडतो आणि रेणुकूटवरून पुढे शक्तिनगरकडे जातो. या मुलखात जमिनीखाली कोळशाचे जाड थर आहेत आणि १९६२ मध्ये पूर्ण झालेल्या रिहंद धरणामुळे पाण्याचा मोठा साठाही हाताशी आहे. कोळसा आणि पाणी एकत्र आले म्हणजे औष्णिक वीजकेंद्र उभे राहावयास वेळ लागत नाही. ओब्रा येथे १९६७ मध्ये सोव्हिएत साहाय्याने पहिला संच सुरू झाला. राष्ट्रीय औष्णिक विद्युत् निगमाच्या सिंगरौली केंद्राचा २०० मेगावॉटचा पहिला संच १९८२ च्या फेब्रुवारीत चालू झाला. हे त्या निगमाचे पहिले केंद्र होय. अनपरा केंद्राचे संच १९८६ पासून पुढे सुरू झाले. या साऱ्या केंद्रांचा प्रदेश तेव्हा मिर्झापूर जिल्ह्यात होता. १९८९ मध्ये त्यातून सोनभद्र हा वेगळा जिल्हा झाला.

या यंत्रांच्या पोटात जे पोलाद आहे, त्याच्या अभ्यासाची परंपरा मात्र वाराणसीत या केंद्रांहून कितीतरी जुनी आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयात १९२३ मध्ये खनिकर्म आणि धातुविज्ञान यांचा विभाग सुरू झाला. धातुविज्ञानाचे पदवी-शिक्षण आपल्या देशात ज्या ठिकाणी प्रथम रुजले, ते हेच होय. १९६८ मध्ये विश्वविद्यालयातील अभियांत्रिकीची महाविद्यालये एकत्र होऊन तंत्रज्ञान संस्था झाली आणि २०१२ मध्ये तिला भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा दर्जा मिळाला. या विषयाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला सुरुवातीलाच एक गोष्ट शिकावी लागते. ती अशी, की पोलाद ही घडवून संपलेली वस्तू नव्हे; पुरेशी उष्णता आणि पुरेसा काळ मिळाला, तर ते आपले अंतरंग बदलत राहते. वीजकेंद्रात त्याला या दोन्ही गोष्टी मुबलक मिळतात.

यंत्रातील परिस्थिती

२०० मेगावॉटच्या संचात टरबाइनकडे येणारी वाफ सुमारे ५३५° से. तापमानाची असते आणि तिचा दाब दर चौ. सेंमी.ला १३० किग्रॅ.च्या आसपास असतो. ताशी सहाशे टनांहून अधिक वाफ झडपांतून उच्च दाबाच्या कवचात शिरते, पात्यांच्या ओळींतून वाट काढते, बाष्पित्राकडे परत जाऊन पुन्हा तापते आणि मधल्या दाबाच्या भागात येते. रोटर मिनिटाला ३,००० फेरे घेतो. ५३५° से. म्हणजे किती, याची कल्पना येण्यासाठी असे म्हणता येईल, की या तापमानाचे पोलाद काळोख्या खोलीत अंधुक तांबूस दिसू लागते.

एवढ्या उष्णतेत साधे पोलाद फार काळ टिकत नाही. म्हणून कवच, झडपांच्या पेट्या आणि वाफेचे नळ यांसाठी क्रोमियम, मॉलिब्डेनम व व्हॅनॅडियम ही मूलद्रव्ये थोड्या प्रमाणात मिसळलेले पोलाद वापरतात. हे सगळे भाग एकसंध ओतणे किंवा घडवणे शक्य नसते. झडपेची पेटी नळाला, नळ कवचाला, स्थिर पात्यांची कडी आपल्या चौकटीला, अशा असंख्य जागी वेल्डिंग, म्हणजेच वितळजोडकाम करावे लागते. कवचाच्या ओतकामात दोष राहिले असतील, तर तेही कारखान्यातच वितळजोडाने भरून काढतात. पुढे वापरात भेगा पडल्यास दुरुस्तीही त्याच मार्गाने होते. तेव्हा टरबाइन हे पोलादाचे यंत्र आहे असे म्हणताना ते तितकेच सांध्यांचेही यंत्र आहे, हे विसरून चालत नाही.

न संपणारे पायन

लोहार कोयत्याला पाणी देतो हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. तापलेले पाते पाण्यात बुडवले की ते कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून जाणता लोहार ते पुन्हा बेताने तापवतो. कठिनता थोडी उतरते, चिवटपणा वाढतो. कारखान्यात टरबाइनच्या पोलादावर हाच संस्कार मोठ्या प्रमाणावर करतात. आधी सुमारे ९५० ते १,००० अंशांवरून ते थंड करतात आणि मग ७०० अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. या दुसऱ्या तापवण्याला पायन म्हणतात.

पायन होत असताना पोलादातील कार्बन मिश्रणातील धातूंशी संयोग पावून कार्बाइडांचे कण तयार करतो. त्यांपैकी व्हॅनॅडियम कार्बाइडाचे कण अतिशय बारीक असतात; मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे किंवा त्याहून थोडेसे मोठे. धातूचे स्फटिक ताणाखाली घसरू पाहतात तेव्हा हे कण रस्त्यातील दगडांप्रमाणे आडवे येतात. कण जितके बारीक आणि जितके दाट, तितका अडथळा मोठा. तप्त पोलादाचे खरे बळ या कणांत साठवलेले असते.

कारखान्यातून बाहेर पडताना हा संस्कार पूर्ण झाला असे आपण समजतो. परंतु पोलादाच्या दृष्टीने तो थांबलेला नसतो, फक्त मंद झालेला असतो. १९४५ मध्ये हॉलोमन आणि जॅफे या संशोधकांनी तापमान आणि काळ यांची सांगड घालणारे एक सूत्र मांडले. केल्व्हिन मापातील तापमानाला, तासांच्या लॉगॅरिथममध्ये एक स्थिरांक मिळवून येणाऱ्या संख्येने गुणले, की पायनाचे एकूण माप मिळते. हा स्थिरांक साधारणपणे २० धरतात. या सूत्राने हिशेब केला तर एक विलक्षण गोष्ट दिसते. ७०० अंशांवरील दहा तास आणि ५३५ अंशांवरील दोन लाख तास यांचे माप जवळजवळ सारखेच येते. अर्थ असा, की दोन लाख तास चाललेले कवच जणू भट्टीत घालून आणखी दहा तास पायन देऊन काढलेले असते.

वर्षाला सात हजार तास चालणारा संच दोन लाख तासांचा टप्पा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांत गाठतो. एवढ्या काळात बारीक कण विरघळतात व मोठे कण त्यांचे द्रव्य ओढून घेऊन अधिकच मोठे होतात. सावकारीत लहान शेते मोठ्या शेतात जिरावीत तसाच हा प्रकार. कार्बाइडांची जातही बदलते. सुरुवातीची, लोहाने समृद्ध असलेली कार्बाइडे जाऊन क्रोमियमची व मॉलिब्डेनमची अधिक स्थिर कार्बाइडे येतात आणि ती स्फटिककणांच्या सीमांवर जमतात. मॉलिब्डेनम कार्बाइडात अडकल्यामुळे भोवतालचे लोह त्याला मुकते. वाटेतले दगड थोडे राहतात, त्यांच्यामधील अंतर वाढते आणि धातू मऊ पडतो.

सर्पण आणि पोकळ्या

तापलेल्या पोलादावर सतत ताण असेल तर ते अतिशय संथपणे लांबत जाते. ताण वाढलेला नसतानाही ही हालचाल चालूच राहते. अभियंते तिला ‘क्रीप’ म्हणतात. येथे तिच्यासाठी सर्पण हा शब्द वापरू. सर्पणात स्फटिककणांच्या सीमांवर, विशेषतः मोठ्या कार्बाइडांच्या कडेला, सूक्ष्म पोकळ्या उत्पन्न होतात. प्रथम त्या एकएकट्या असतात. मग त्या ताणाला आडव्या असलेल्या सीमांवर ओळीने उभ्या राहतात, एकमेकींना मिळतात, आणि त्यांची सूक्ष्म भेग होते. सूक्ष्म भेगा जुळल्या म्हणजे डोळ्यांना दिसणारी भेग तयार होते.

या प्रक्रियेवर तापमानाचा प्रभाव फार मोठा असतो. १९५२ मध्ये लार्सन आणि मिलर यांनी वरच्यासारखेच सूत्र सर्पणाने होणाऱ्या तुटीसाठी मांडले. त्यानुसार ५३५ अंशांवर एक लाख तास टिकणारा भाग त्याच ताणाखाली ५४५ अंशांवर पन्नास हजार तासच टिकेल. केवळ दहा अंशांची चूक आयुष्य निम्म्यावर आणते. वीजकेंद्रात वाफेचे तापमान ठरलेल्या मर्यादेत ठेवण्यावर एवढा कटाक्ष का असतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

सांधा म्हणजे एक धातू नव्हे

येथवर सांगितलेले सर्व एकसंध पोलादाला लागू आहे. सांध्याची गोष्ट मात्र याहून गुंतागुंतीची आहे. वितळजोड करताना ज्योतीखालचे पोलाद वितळते, म्हणजे ते सुमारे १,५०० अंशांवर जाते. आणि तेथून चार-पाच सेंमी. अंतरावरचे पोलाद तुलनेने थंड राहते. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात प्रत्येक मिलिमीटर वेगळ्या तापमानाला जाऊन आलेला असतो. या उष्णताबाधित पट्ट्याचे, वितळरेषेपासून बाहेरच्या बाजूस, साधारणपणे पुढीलप्रमाणे भाग पडतात.

वितळरेषेला लागून असलेला भाग फार तापल्यामुळे तेथील स्फटिककण मोठे होतात. हा भाग कठीण असतो. त्याच्या पलीकडे कमी तापलेला व बारीक कणांचा भाग येतो. त्याच्याही पलीकडे असा एक चिंचोळा भाग असतो, की जेथे पोलादाचे रूपांतर सुरू झाले पण पूर्ण झाले नाही. तेथे जुनी आणि नवी रचना सरमिसळ होऊन राहते आणि कार्बाइडे अर्धवट विरघळून जाड झालेली असतात. सर्वांत बाहेर, रूपांतर न झालेले परंतु गरजेपेक्षा अधिक पायन मिळालेले मूळ पोलाद असते. एका सांध्यात अशा रीतीने भरणीचा धातू धरून निदान पाच प्रकारचे पोलाद शेजारीशेजारी नांदते. त्यांची घडण निराळी असल्यामुळे त्यांचे वयही निरनिराळ्या गतीने वाढते. नव्या सांध्यावर जी ताकद मोजली जाते, ती वीस वर्षांनंतर प्रत्येक भागात सारख्याच प्रमाणात उरलेली असत नाही.

सांध्यांतील भेगांचे त्यांच्या जागेनुसार चार प्रकार १९७४ मध्ये जर्मन संशोधकांनी पाडले आणि ते आजही वापरात आहेत. पहिल्या दोन प्रकारच्या भेगा भरणीच्या धातूत सुरू होतात; पहिली तेथेच राहते, दुसरी बाहेर पसरते. तिसऱ्या प्रकारची भेग मोठ्या कणांच्या भागात पडते. क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनॅडियम पोलादात ही विशेष आढळते. सांधा केल्यावर त्यातील अंतर्गत ताण उतरवण्यासाठी तो पुन्हा तापवतात. या वेळी कणांच्या आत बारीक व्हॅनॅडियम कार्बाइडे निर्माण होऊन आतला भाग बळकट होतो, आणि ताण उतरताना होणारी सारी ओढाताण दुबळ्या राहिलेल्या कणसीमांवर येते. ज्या गुणासाठी व्हॅनॅडियम घातले, तोच गुण या ठिकाणी घातक ठरतो.

चौथा प्रकार सर्वांत फसवा आहे. ही भेग उष्णताबाधित पट्ट्याच्या बाहेरच्या काठाला, अर्धवट रूपांतर झालेल्या मऊ भागात पडते. वितळरेषेपासून तिचे अंतर काही मिलिमीटर असते. एका बाजूला कठीण सांधा, दुसऱ्या बाजूला बळकट पोलाद आणि मध्ये हा मऊ पट्टा अशी स्थिती असल्याने सर्पण नेमके तेथे एकवटते. पोकळ्या बहुधा पृष्ठभागाखाली वाढतात. बाहेरून नळ फुगलेला दिसत नाही, लांबी वाढलेली दिसत नाही, आणि तरीही आतून पट्टा पोखरलेला असतो. अलीकडच्या अतिक्रांतिक दाबाच्या केंद्रांत नऊ टक्के क्रोमियमचे अधिक बळकट पोलाद वापरतात. पण हा चौथ्या प्रकारचा दोष त्यालाही चुकलेला नाही. पोलाद जितके बळकट, तितका त्याच्या शेजारचा मऊ पट्टा अधिक उघडा पडतो.

जेथे दोन भिन्न पोलादे जोडली जातात तेथे आणखी एक बदल होतो. क्रोमियमला कार्बनची ओढ असल्यामुळे कमी क्रोमियमच्या पोलादातून कार्बन हळूहळू जास्त क्रोमियमच्या बाजूला सरकतो. वर्षानुवर्षांनंतर वितळरेषेच्या एका बाजूला कार्बन गमावलेली मऊ कड आणि दुसऱ्या बाजूला कार्बाइडांनी भरलेली कठीण कड तयार होते. भेगेला अशी सीमा सोयीची असते.

थंड यंत्राचा धोका

जुन्या पोलादाचा धोका केवळ तापलेल्या अवस्थेतच असतो असे मात्र नाही. पोलादात फॉस्फरस, कथिल, अँटिमनी यांचे अत्यल्प अंश राहून गेलेले असतात. सुमारे ३५० ते ५५० अंशांच्या दरम्यान दीर्घकाळ राहिल्यास हे अंश कणसीमांवर गोळा होतात व तेथील बंध सैल करतात. चालू यंत्रात याचा त्रास जाणवत नाही, कारण तप्त पोलाद चिवट असते. यंत्र थंड झाले म्हणजे तेच पोलाद काचेप्रमाणे तडकू शकते. म्हणून जुना रोटर पूर्ण वेगावर नेण्यापूर्वी तो पुरेसा तापू देतात. ही काळजी म्हणजे वेळेचा अपव्यय नसून धातूच्या वयाची राखलेली जाणीव आहे.

संच बंद करणे आणि चालू करणे यांचाही परिणाम सांध्यांवर होतो. जाड कवचाचा आतला थर आधी तापतो, बाहेरचा मागाहून. या फरकाने ताण येतो, आणि तो वारंवार आल्याने शिणवटा येतो. सौर वीज वाढू लागल्यापासून औष्णिक संचांना दुपारी भार उतरवावा आणि संध्याकाळी चढवावा लागतो. २०२३ मध्ये केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने कोळशावरील संचांनी किमान ५५ टक्के आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्के भारापर्यंत उतरण्याची क्षमता ठेवावी, असे नियम केले. अखंड स्थिर भाराची कल्पना करून घडवलेल्या सांध्यांना उतारवयात हे नवे काम पडले आहे.

दोन अपघात

सांध्याच्या वयाकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, हे इतिहासाने दाखवले आहे. १९४३ च्या जानेवारीत अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात स्प्रिंगडेल येथील वीजकेंद्रात वाफेचा नळ सांध्याजवळ फुटला. नळ अर्धा टक्का मॉलिब्डेनमच्या पोलादाचा होता आणि सुमारे ५०५ अंशांवर साडेपाच वर्षे चालला होता. तपासात आढळले, की उष्णताबाधित पट्ट्यातील कार्बाइडे फुटून त्यांतील कार्बन ग्रॅफाइटच्या रूपाने साखळीप्रमाणे रांगेत जमला होता. पेन्सिलीतील शिसे ज्या पदार्थाचे असते, त्याची ओळ पोलादात तयार झाली होती! या घटनेनंतर वाफेच्या नळांच्या पोलादात क्रोमियम घालण्यास विशेष महत्त्व आले, कारण क्रोमियम कार्बाइडांना स्थिर ठेवते.

दुसरा अपघात ९ जून १९८५ रोजी अमेरिकेतीलच नेव्हाडा राज्यातील मोहावे केंद्रात झाला. पुन्हा तापवलेली वाफ टरबाइनकडे नेणारा मोठा नळ, पत्रा वळवून त्याच्या लांबीभर वितळजोड देऊन केलेला होता. तो सांधाच उसवला आणि सहा माणसे मृत्युमुखी पडली. पोलाद ठीक होते, आकडेमोड ठीक होती. पण ती आकडेमोड नळाच्या धातूची होती, सांध्याची नव्हती. या घटनेनंतर जगभर लांब सांध्यांच्या तपासणीकडे लक्ष वेधले गेले.

वय कसे ओळखावे

सुदैवाने सांध्याचे वय वाचण्याची एक सोपी आणि चांगली रीत उपलब्ध आहे. संच देखभालीसाठी बंद असताना सांध्याचा छोटा भाग घासून आरशासारखा चकचकीत करतात, त्यावर सौम्य अम्ल लावून स्फटिककणांची रचना उघडी करतात आणि अ‍ॅसिटोनने मऊ केलेली प्लॅस्टिकची पातळ फीत त्यावर दाबतात. वाळल्यावर फीत सोलून काढली की पृष्ठभागाचा ठसा तिच्यावर उमटलेला असतो. यंत्राला न कापता त्याचा ठसा प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. १९८३ मध्ये नॉयबाउअर या जर्मन अभियंत्याने या ठशांवरून चार पायऱ्या सुचवल्या. सुट्या पोकळ्या असतील तर लक्ष ठेवावे. ओळीने असतील तर तपासणीची मुदत ठरवावी. सूक्ष्म भेगा असतील तर मर्यादित काळच चालवून दुरुस्ती करावी. आणि मोठी भेग दिसल्यास ताबडतोब दुरुस्त करावे.

ठसा केवळ पृष्ठभाग दाखवतो. चौथ्या प्रकारची भेग आत वाढत असल्याने त्याच्या जोडीला श्राव्यातीत ध्वनितरंगांची तपासणी आणि कठिनतेचे मोजमाप करावे लागते. भारतीय बाष्पित्र विनियम, १९५० यांमध्ये पुढे अशी तरतूद घालण्यात आली, की सर्पण होण्याइतक्या तापमानात चाललेल्या बाष्पित्रांची एक लाख तासांनंतर अविनाशी तपासणी करून उरलेले आयुष्य ठरवावे. टरबाइनच्या कवचांची व रोटरांची तपासणी मोठ्या दुरुस्तीच्या वेळी उत्पादकाच्या सूचनांनुसार होते. ही सर्व कामे खर्चाची आहेत आणि त्यांच्यासाठी संच बंद ठेवावा लागतो. विजेची मागणी वाढली म्हणजे तपासणी पुढे ढकलण्याचा मोह होतो. परंतु पुढे ढकललेल्या काळातही पायन चालूच असते.

यंत्राचे वय सांगताना आपण ते सुरू झाल्याचे वर्ष सांगतो. धातुविज्ञान निराळा हिशेब शिकवते. त्याच संचात रोटरचे वय एक, कवचाचे दुसरे आणि सांध्याच्या काठावरील दोन मिलिमीटरच्या पट्ट्याचे तिसरे असते. आणि संच किती काळ सुरक्षित चालेल, हे या तिघांपैकी सर्वांत म्हाताऱ्याला विचारावे लागते. सिंगरौलीसारख्या केंद्रांतील पहिल्या पिढीच्या यंत्रांनी या प्रदेशाला दीर्घकाळ वीज दिली. अशा यंत्रांना निवृत्त करायचे की दुरुस्त करून चालवायचे, हा निर्णय कागदावरील तारखेवरून घेता येत नाही. चकचकीत केलेल्या पोलादावर दाबलेल्या त्या लहानशा फितीवर जे उमटते, ते धीराने वाचूनच तो घ्यावा लागतो.